धूर, आग आणि पिठलं

माझी भाची पुण्यात तत्त्वज्ञानात पीएच.डी. करते. विषय न्यायदर्शनातलं अनुमान. "पुढे काय?" असं कुणी नातेवाइकांनी विचारलं की ती शांतपणे म्हणते, "कशाच्या पुढे?" त्यामुळे हल्ली तो प्रश्न सगळे मला विचारतात.

म्हणून मी तिच्या टेबलावरचा अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' चाळला. सतराव्या शतकातला ग्रंथ, आकाराने एवढासा. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे आग असणार, हा त्यातला अनुमानाचा नमुना. पण धूर तिथे आग हे कळलं कुठून? तर स्वयंपाकघरातून! चुलीपाशी पुन्हा पुन्हा पाहिलं, म्हणून डोंगराबद्दल बोलायचा अधिकार मिळाला. म्हणजे हे नैयायिक स्वयंपाकघरात वरचेवर डोकावत असणार. कशासाठी, ते ग्रंथात नाही. भजी तळत असावेत, असं माझं अनुमान.

उलट, आग असली की धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यातून कुठे धूर येतो? धुराला सरपण ओलं लागतं. भाचीच्या खोलीत तर सरपणच नाही, इंडक्शनची शेगडी आहे. एकदा तिने पिठलं चढवलं आणि वाचत बसली. खोलीभर धूर! शेगडीवर ज्वाळ नाही, निखारा नाही. धूर आहे आणि आग नाही, म्हणजे शास्त्राच्या भाषेत हेतूचा व्यभिचार. "व्यभिचार सापडला!" म्हणून ती ओरडली, तेव्हा हॉस्टेलच्या व्हरांड्यातली सगळी दारं उघडली.

मार्गदर्शक बाईंनी शोध एका वाक्यात निकालात काढला. उष्ण स्पर्श असेल तिथे तेज आलंच. तेव्हा भांडं घास आणि तिसरं प्रकरण लिही.

उरलेला वेळ ती कॅरम खेळते. मी टोकलं तर पुरावे देते. संशयवादाने डोकं भणाणलं की ह्यूम मित्रांबरोबर जेवायचा, बॅकगॅमन खेळायचा. 1739 च्या ग्रंथात त्याने स्वतःच तसं लिहून ठेवलंय. कांट विद्यार्थिदशेत बिलियर्ड्सवर पैसे जिंकायचा. आणि साने गुरुजी? ते अमळनेरला प्रतापशेठांच्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आले आणि 1924 पासून तिथल्याच शाळेत मास्तर झाले, वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या झाडू लागले. यावर मी गप्प बसतो. खानदेशातल्या माणसाने गुरुजींपुढे काय बोलावं?

तुम्ही कधी तिच्याशी कॅरम खेळायला बसलात, तर एक सांगतो. क्वीन घेतलीत की लगेच कव्हर करा. नाहीतर मधल्या वेळात ती क्वीन नेमकी कुणाची, यावर रात्र जाते.