मालक वर गेले आहेत

ऐन मृगातला शनिवार. राजूरच्या स्टँडजवळचं कृषी सेवा केंद्र बंद, आणि शटरवर खडूनं टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं : 'मालक वर गेले आहेत. सोमवारी भेटतील.'

हे वाचून शेजारच्या खेड्यातले एक म्हातारबा थेट माझ्या ओट्यावर आले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ कुणी बोललं नाही.

"कधी झालं?" त्यांनी विचारलं.

"काय कधी झालं?"

"तुमचे साडू हो. परवाच मला म्हणले, बाबा, कपाशीचं बी शनिवारी घेऊन जा. चांगले धडधाकट होते." मग मलाच धीर देत म्हणाले, "पाटी लावली ते बरं केलं. सोमवारी तिसरा ना? येतो मी."

मी काही सांगायच्या आत ते गेलेसुद्धा. सोमवारी आले ते आणखी तिघांना घेऊन. त्या वेळी आमचे साडू उन्हानं सोललेलं नाक घेऊन शटर वर ढकलत होते. म्हातारबांनी त्यांना पायापासून निरखलं. पाय होते आणि दोन्ही सुलटेच होते. "मग आता बी द्या," एवढंच म्हणाले.

हा माणूस तुम्हाला माहीत आहे. तुमच्याही गल्लीत एक असणार. ज्याच्या पँटीला पायापेक्षा खिसे जास्त, ज्याच्या सॅकला बाहेरून लोंबणाऱ्या वस्तू आतल्या वस्तूंपेक्षा जास्त, आणि जो सत्यनारायणाच्या प्रसादाला बोलावलं तरी सोमवारपर्यंत मोकळा नसतो. आमच्याकडे गाव त्याला किल्लेदार म्हणतं. किल्ला वगैरे काही नाही, बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दोन गाळ्यांचं दुकान आहे. नात्यानं माझा धाकटा साडू. म्हणजे माझा काही इलाज नाही.

त्याला 'पोटापाण्याला काय करता' असं विचारलं की तो उंची सांगतो. माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "आपण काय करता?" किल्लेदार म्हणाला, "साल्हेर झालं मागच्या महिन्यात. १५६७ मीटर. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांमध्ये सगळ्यात उंच." पाहुण्यांना वाटलं, पगार सांगतोय. ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मीटरवर आहे का काम?"

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त मास्तर. एकदा न राहवून त्याला झापलं की अरे, ही हौस पोट भरलेल्यांची. पेरणीच्या दिवसांत कुणी दुकान बंद करतं का? त्यावर त्यानं माझ्याच ओट्यावर माझा तास घेतला. म्हणे, हिलरी मधमाश्या पाळायचा. मधाचा धंदा सांभाळून १९५३ साली एव्हरेस्टवर गेला. एकट्या तेनझिंगचं पोटच डोंगरावर होतं, त्याची हौस आणि हजेरी एकाच ठिकाणी लागायची. आपल्या संभाजीनगरचा रफिक शेख पोलिसात शिपाई. २०१४ ला हिमकडा कोसळला, २०१५ ला भूकंप झाला, दोन्ही वेळा परत यावं लागलं. २०१६ ला पोचला. "आणि साडूभाऊ, मॅलरी तर तुमच्यासारखा मास्तर होता."

"मग?"

"१९२४ ला वर गेला."

"आणि?"

"भेटला १९९९ ला."

सोमवारी नव्हे, हे त्यानं सांगितलं नाही, पण माझ्या लक्षात आलं.

त्या तिसऱ्याच्या प्रकरणानंतर पाटी बदलावी असं घरात ठरलं. पुढच्या शनिवारी शटरवर आलं : 'मालक गडावर गेले आहेत.' आमच्या मराठवाड्यात गडावर म्हणजे देवीला, माहूरला. सोमवारी निम्मं गिऱ्हाईक प्रसाद मागायला. एका बाईनं तर परस्पर ओटीचं विचारलं. मग 'मालक बाहेर गेले आहेत' असं लिहून पाहिलं, तर माझी मेहुणी म्हणाली, "त्यापेक्षा आत कधी असतात ते लिहा. खडू कमी लागंल." शेवटी पाटी मूळपदावर आली. आता लोकांना सवय झाली आहे. पोरं रस्त्यात विचारतात, "काका, या शनिवारी वर का?" आणि तो खुशीनं मान डोलावतो. मला मात्र दर वेळी पोटात गलबलतं.

अडचण अशी की आमच्या भागात चढायला काही नाही. आहे ती राजुरेश्वराची टेकडी. गणपतीच्या साडेतीन पीठांतलं हे पूर्ण पीठ, त्यामुळे गर्दी बारमाही. किल्लेदारानं तिचा सरावासाठी उपयोग करायचं ठरवलं. सॅकमध्ये वीस किलो ज्वारी भरून पहाटे पायऱ्या चढायचा आणि उतरायचा, पुन्हा चढायचा. भाविकांनी ते पाहिलं. घामाघूम माणूस, पाठीवर धान्य, ओठ हलताहेत (तो फेऱ्या मोजत असे). एवढा कडक नवस कुणी बोललेला पाहिला नव्हता. चतुर्थीला दोन-चार जण त्याच्या पाया पडले. एका आजीनं हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवून विचारलं, "लेकरासाठी का रं बाबा?" हा म्हणाला, "अलंग-मदन-कुलंगसाठी." आजीनं तीन नावं ऐकून कपाळाला हात लावला. "तिळं!" म्हणाली, आणि आणखी दोन लाडू दिले.

मेहुणीचं मत याहून कडक आहे. अंगारकीला जालन्याहून रात्रभर माणसं चालत येतात. पंचवीसेक किलोमीटर. बायाबापड्या, कडेवर पोरं, कित्येक अनवाणी. ती दारात उभी राहून चहा वाटते आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "भाऊजी, बघा. एकीच्याबी पाठीला सॅक नाही."

पण पुण्या-मुंबईच्या भटक्यांत या माणसाला जो मान आहे तो पाहून मी चकित झालो होतो. त्याचं कारण पुढं कळलं. राजूर नावाचं दुसरं एक गाव आहे, अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वाटेवर. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई सगळं तिथून हाकेवर. (अकोले आणि अकोला हा आणखी एक घोळ आहे, तो इथं नको.) ट्रेकर लोकांत 'मी राजूरचा' म्हणणं म्हणजे कीर्तनकारांत 'मी आळंदीचा' म्हणण्यासारखं. किल्लेदार खोटं बोलत नाही. तो म्हणतो, मी राजूरचा. समोरचा हात जोडतो. याला काय करायचं ते हा करतो, म्हणजे गप्प बसतो.

हे चार वर्षं चाललं. मग एका पहाटे फोन आला. मी तिथंच होतो.

"सर, आमची बॅच राजूरला पोचली. स्टँडवर आहोत."

"मीही स्टँडवरच आहे," किल्लेदार म्हणाला. तो होताच.

"आम्ही पेढ्याच्या दुकानासमोर."

"मीही पेढ्याच्या दुकानासमोर." तेही खरंच. त्या राजूरचे पेढे नावाजलेले आहेत, आणि आमचं देवस्थानाचं गाव, इथं पेढ्याला काय तोटा!

"दिसत नाही तुम्ही. हात वर करा ना."

किल्लेदारानं हात वर केला. मधे दोनशेवर किलोमीटर होते. पलीकडे पंधरा-वीस जणांनीही हात वर केले असणार. रिकाम्या स्टँडवर पहाटेच्या अंधारात हा माणूस हात वर करून गोल फिरत होता, आणि एक झाडूवाली त्याच्याकडे बघत उभी राहिली होती. मी त्या दिवशी हसलो, ते अजून त्यानं मला पूर्ण माफ केलेलं नाही.

त्याचाच वचपा म्हणून बहुधा त्यानं मला एकदा बरोबर नेलं. पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड. 'सोपी वाट आहे, तासाभराची,' असं तो म्हणाला होता. या लोकांचा तास आणि आमच्या एसटीचा तास एकाच घड्याळातले असावेत. रात्री गडावरच्या गुहेत सगळे गोल बसले. मी मास्तरकीच्या सवयीनं म्हटलं, एकेकानं नाव आणि नोकरी सांगा. एकदम शांतता. किल्लेदारानं माझ्या कानात सांगितलं, "इथं कुणी कुणाला धंदा विचारत नाही, साडूभाऊ. तेवढ्यासाठीच येतात."

विचारायची गरजही नव्हती. एक जण मूगडाळीच्या खिचडीसाठी काढलेले पैसे तीन वेळा मोजत होता, दर शंभराला बोट ओलं करत. बँक. एक मुलगी, कुणीही हसलं की त्याच्या दाढांकडे बघे. एक जण अंधारात पडल्या पडल्या दुसऱ्याच्या दोरीची गाठ चाचपून सोडून पुन्हा बांधत होता. तो महावितरणचा लाइनमन निघाला. आणि आमचा किल्लेदार? तो सकाळपासून वाटेतल्या प्रत्येक खाचरात वाकून भाताचे फुटवे बघत होता.

उतरल्यावर पाचनईत ज्यांच्या घरी पिठलं-भाकरी खाल्ली, त्या मामांना यानं विचारलं, बियाणं कुठलं वापरता? मामा म्हणाले, घरचंच. भात घरचा, नागली घरची, वरई घरची. याच अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे. गावरान बियाणं जपलं म्हणून २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती त्यांना. आणि आम्ही जालन्याचे, जिथं बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली बियाण्याची कंपनी काढली आणि संकरित बी देशभर गेलं. दोन्ही मोठी माणसं. पण दरवर्षी नवं पाकीट विकून पोट भरणारा माणूस त्या ओसरीवर बसून फडताळातली मडकी बघत होता. 'दरवर्षी विकत घ्यायचं नाही?' त्यानं पुन्हा विचारलं. मामा म्हणाले, "काय करायचं? डोंगर दरवर्षी नवा लागतो का?" परतीच्या गाडीत नाशिकपर्यंत तो बोलला नाही. मी एवढा सुखाचा प्रवास क्वचित केला आहे.

जिल्ह्यात डोंगर नाही याचं दुःख तो असईच्या लढाईवर भागवतो. २३ सप्टेंबर १८०३ ला वेलस्ली आमच्या केळणा नदीवर शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर आला. वाटाडे म्हणत होते, जवळपास दुसरा उतार नाही. त्यानं दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं पाहिली आणि ताडलं की यांच्यामध्ये वाट असणारच. होती. किल्लेदार ही गोष्ट प्रत्येकाला सांगतो आणि वर स्वतःचं जोडतो, "तसंच साडूभाऊ, शेतकरी आणि दुकानदार समोरासमोर असले की मधे उधारी असणारच."

गेल्या जूनमध्ये त्यानं मला दुकानात बसवलं. भंडारदऱ्याला काजवे होते. हजारो झाडं लुकलुकतात म्हणे, पण नेमकी त्याच दिवसांत कपाशीच्या पाकिटांची झुंबड. "फक्त शनिवार-रविवार. रोखीचं रोख, उधारीचं वहीत लिहा." मी पाटी मात्र लिहू नको म्हटलं, तर तो म्हणाला, तुम्ही मालक थोडेच आहात, आणि अर्ध्या ओढलेल्या शटरवर लिहूनच गेला.

दुपारी एक पोरगा आला. दोन पाकिटं, एक पोतं खत, दिवाळीला देतो. मी वही उघडली. लांब, लाल कापडाची. नावं, रकमा, तारखा. त्यात एका नावापुढं रकमेवर आडवी रेघ आणि शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात : 'वर गेले.' पान उलटलं. पुन्हा एक. चौदा हजार तीनशे, रेघ, वर गेले. पुढं आणखी.

मला आधी हसू आलं. म्हटलं, हा आता गिऱ्हाइकंही ओढायला लागला डोंगरावर, आणि वर्गणी उधारीत! मग एक नाव ओळखीचं निघालं. माझ्या वर्गात होता. तिसऱ्या बाकावर बसायचा, अक्षर चांगलं होतं. त्याच्या घरी मी मागच्या पोळ्याच्या आधी जाऊन आलो होतो, भिंतीला टेकून बसलेल्या त्याच्या बायकोसमोर मला एक शब्द सुचला नव्हता.

मेहुणी चहा घेऊन आली. तिनं उघडं पान पाहिलं आणि कप वहीपासून लांब ठेवला.

"त्यांच्याकडं मागायला जातच नाहीत," ती म्हणाली. "कंपनीला भरतात खिशातून. म्हणून तर दुसरा गाळा काढून टाकायचं चाललंय."

समोर तो पोरगा उभाच होता. मी त्याचं नाव लिहिलं. आडनाव लिहिताना हात जरा थांबला, मग वडिलांचं नाव त्यानंच सांगितलं.

सोमवारी सकाळी मी किल्ली द्यायला गेलो तेव्हा किल्लेदार आलेला होता. नाक सोललेलं, पायात तेच चिखलाचे बूट. "काजवे काय होते, साडूभाऊ!" म्हणाला. मी त्याला वहीबद्दल काही विचारलं नाही. त्यानं फडकं ओलं केलं आणि शटरवरची पाटी पुसायला घेतली. आधी 'सोमवारी भेटतील' पुसलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक रस्त्यावरून ओरडलं, "युरिया आला का?" आणि हा मधलेच दोन शब्द पुसून, फडकं खांद्यावर टाकून आत गेला.

शटर अर्धंच वर गेलं होतं. त्यावर राहिलं होतं : 'मालक आहेत.'