एक्कावन्न रुपयांना वारस नाही

रामनवमी होऊन महिना उलटला की पोहरादेवीत हिशोबाचे दिवस सुरू होतात. यात्रेत लोक सेवालाल महाराजांच्या समाधीला आणि जगदंबेला जातात. यात्रेनंतर त्यातले काही माझ्या दुकानात येतात. बाहेरच्या पाटीवर सातबारा, पीकविमा, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो एवढंच लिहिलेलं आहे. उडालेल्या फायली परत मिळतील असा शब्द मी कोणाला दिलेला नाही. तरी येतात.

२०२५ ची रामनवमी ६ एप्रिलला होती. मे महिन्यात दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्याचे नायक, खजिनदार आणि मागे वर्गणीदारांचा जथा असा सगळा लवाजमा दुकानात शिरला. तांड्याचं नाव सांगत नाही, पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक आहे. भोगाची आणि पंगतीची वर्गणी खजिनदारांच्या पुण्यात शिकणाऱ्या पोराने एक्सेलमध्ये मांडली होती.

"भाऊ, फाईल उघडूनच नाही राह्यली," खजिनदार म्हणाले. "पन भ्याचं काम नाही. ड्राइव्हवर हाये."

हे 'ड्राइव्हवर हाये' लोक असं म्हणतात, की जणू तिथे कोणी डोळ्यांत तेल घालून बसलंय. गूगल ड्राइव्ह बिचारा हुकमाचा ताबेदार. तुमच्या मशीनशी त्याची जोडी लावली, की खाली चांगली फाईल असेल तर चांगली वर नेतो, मोडकी असेल तर मोडकी, तीही इमानेइतबारे. आधीची आवृत्ती मागे सारतो आणि ३० दिवस किंवा १०० नव्या आवृत्त्या होईपर्यंत ठेवतो. तेवढ्या अवधीत ती उतरवून घेतली की काम फत्ते. बहुतेकांचं काम इथेच होतं. मी मात्र कपाळाला आठ्या घालून उगाच वेळ काढतो, कारण झटपट झालेल्या कामाचे पैसे द्यायला माणसाला जड जातं.

इथे पोराने जास्तीची हुशारी केली होती. फाईल पेन ड्राइव्हवर घेताना लाइट गेली आणि अर्धीच उतरली. ती अर्धी त्याने नवी म्हणून वर चढवली आणि घोळ नको म्हणून आधीची डिलीट केली. कचरापेटीतही फाईल ३० दिवसच राहते. ते दिवस भोगाच्या आणि यात्रेच्या गडबडीत कधीच सरले होते.

मग राहिला एकच मार्ग. एक्सेलची फाईल म्हणजे खरं तर एक गाठोडं. आत बऱ्याच लहान फायली, आणि गाठोडं बांधायची पद्धत झिप. अशा फाईलच्या अगदी सुरुवातीला 'पी' आणि 'के' ही अक्षरं असतात. झिप काढणाऱ्या फिल कॅट्झने १९८९ मध्ये त्यावर आपली आद्याक्षरं उमटवली, ती आज अशा प्रत्येक हिशोबावर आहेत. आपल्याकडे मंदिराच्या पायरीवर नाव कोरायला निदान देणगी तरी द्यावी लागते. गाठोड्यात काय काय आहे याची यादी मात्र शेवटी असते. शेपूट तुटलं की यादी गेली, आणि एक्सेल सरळ हात वर करतं. पण झिप दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवला तर पुढचा भाग सापडतो.

सापडला. आकडे शाबूत होते. नावं नव्हती.

यात एक्सेलची गंमत अशी, की ते आकडे तक्त्यात ठेवतं आणि शब्द वेगळ्या फायलीत. तक्त्यात नावाच्या जागी नुसता क्रमांक. एकाच नावाचे तीन राठोड असले तरी नाव एकदाच लिहून तिघांना तोच क्रमांक देतं. आणि ही शब्दांची फाईल गाठोड्यात बहुधा तक्त्याच्या मागे बांधलेली असते. म्हणजे अर्ध्यात तुटलं तर पैसा राहतो, माणूस जातो.

पडद्यावर रकाने दिसले तसे खजिनदार पुढे झुकले. "पंचेचाळीस हजार सातशे बत्तीस! कोनं देल्ले एवढे?" त्याच्या खाली पंचेचाळीस हजार सातशे चौतीस. त्याच्या खाली पुन्हा पंचेचाळीस हजारांवर. दुकानात एकदम शांतता पसरली. तांडा एवढा गबर आहे हे तांड्यालाच माहीत नव्हतं.

त्या तारखा होत्या. एक्सेल तारीख म्हणून दिवस मोजतं, १ जानेवारी १९०० हा पहिला. ४५७३२ म्हणजे १६ मार्च २०२५. या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधी न उगवलेला दिवसही आहे, लोटस नावाच्या जुन्या प्रोग्रामची चूक मुद्दाम जपलेली. हे मी सांगितलं, पण ऐकायला कोणी नव्हतं. सगळे खऱ्या रकमांच्या रकान्याकडे वळले होते.

"त्ये पाच हजार माहे."

"तुहे कशे? माहे हायेत ते."

पाच हजारांची नोंद एकच होती, मालक तिघे निघाले. अकराशेला तर झुंबड उडाली. आपसात गोरमाटी बोलीत, माझ्याशी वऱ्हाडीत, असे दोन्ही आघाड्यांवर दावे सुरू. एक्कावन्न रुपयांच्या नोंदी मात्र भरपूर आणि एकीलाही वारस मिळेना.

बंजाऱ्यांचे ढाडी, म्हणजे भाट, पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ गातात. मिठाचे आणि धान्याचे हजारो बैल याच लोकांनी मुलूखभर हाकले. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी उद्घाटन केलेलं नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय माझ्या दुकानापासून हाकेवर उभं आहे. आणि इथे मार्चमधली वर्गणी कोणाला आठवेना. की जास्तच आठवत होती म्हणा.

नायक तोवर गप्प बसून चहा पीत होते. बशी खाली ठेवून म्हणाले, "ज्यानं जेवढे सांगतले, तेवढे लिव्हा. बेरीज करा. फायलीतल्या बेरजेपेक्षा जास्त झाले, तं तेवढे ज्यानं-त्यानं आत्ता इथं जमा करा. देवाचे हायेत."

त्यानंतर स्मरणशक्ती भराभर परत आली. पाच हजारांचे दोन मालक पाचशेवर उतरले. अकराशेवाल्यांपैकी एकाला आठवलं की पैसे खरं तर मेहुण्याने दिले होते. बघता बघता एक्कावन्नच्या सगळ्या नोंदींना धनी भेटले, एक सोडून.

खजिनदारांनी ती एक नोंद माझ्या नावावर टाकायला लावली. माझी मजुरी त्यातच फिटली, असं जाताना त्यांनी मला समजावून सांगितलं.