रेवड्यांवरची कुस्ती

कॉलेजच्या खेळाडूने पैसे घ्यावेत का, यावर अमेरिकेत वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या. २०२१ साली कुठे त्याला जाहिरातीतून कमावण्याची मुभा मिळाली. बारामतीजवळच्या आमच्या काटेवाडीच्या पारावर हे सांगा, लोक विचारतील, "का, तिकडं जत्रा भरत नाही व्हय?" आमचं पोरगं पहिली कुस्ती रेवड्यांवर धरतं, मग पन्नासावर, मग पाचशेवर. मिसरूड फुटायच्या आत गडी व्यावसायिक, आणि दप्तर तालमीच्या खुंटीला.

शिक्षणसंस्थांनी खेळाडूवर पैसा लावू नये म्हणता? खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला धाडायला राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. खेळाडू हौशी राहिला, कर्जदार मात्र प्राचार्य झाले. पदकविजेत्याला पोलिसातली नोकरी मिळाली ती १९५५ साली.

पुढे २००८ मध्ये आयपीएल आली, तेव्हा क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षपदी काटेवाडीचेच शरद पवार होते. २०२४ च्या लिलावात तेरा वर्षांचा वैभव सूर्यवंशी १ कोटी १० लाखांना गेला. कॉलेज सोडाच, दहावीचा फॉर्मही अजून भरायचा होता!

लवकर व्यावसायिक होण्याला या पंचक्रोशीत कोण नाकं मुरडणार? पवार कॉलेजच्या राजकारणातून निघाले आणि सव्विसाव्या वर्षी, १९६७ साली, बारामतीचे आमदार झाले. त्या खेळात उतरायला किमान वय पंचवीस लागतं. निवृत्तीचं वय मात्र घटनाकार लिहायचं विसरले.