शनिवार-रविवारचा मातीरसिक

मातीरसिक म्हणजे भाजलेल्या मातीच्या वस्तू जमवणारा, त्यांच्याविषयी बोलणारा आणि त्यांच्या नावाने पैसे गोळा करणारा शहरी सद्गृहस्थ. स्त्रियांमध्येही हा प्रकार तितकाच आढळतो. त्याचे कायमचे वास्तव्य दादर, पार्ले, कोथरूड किंवा औंधला असते. पेण आणि रोहे तालुक्यांत तो दिवाळी ते माघी गणपती या काळात शनिवारी सकाळी येतो आणि रविवारी संध्याकाळी जातो. श्रावणात तो फिरकत नाही. त्या महिन्यात पेणच्या गणपती कारखान्यांत कोणाला मान वर करायला फुरसत नसते, आणि ऐकणारा नसेल तर मातीत त्याचे मन रमत नाही.

हातमागाचा चुरगळलेला कुडता आणि गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा या त्याच्या वरवरच्या खुणा झाल्या. खरी खूण म्हणजे कप उलटा करून पाहण्याची सवय. कुंभाराची मोहोर, झिलई कुठे थांबली त्याची कड आणि भट्टीत लागलेले डाग हे सगळे भांड्याच्या बुडाशी दिसते, त्यामुळे जाणकाराने बूड पाहणे रास्तच आहे. मात्र कप रिकामा होईपर्यंत तो थांबतोच असे नाही. चहा देणाऱ्या घरांना हे अनुभवाने कळते आणि दुसऱ्या खेपेला त्याच्यासमोर स्टीलचा पेला येतो.

त्याची परंपरा तशी जुनी आहे. १८७०च्या दशकात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी भांड्यांचे काम सुरू केले आणि अजिंठ्याच्या चित्रांवरची नक्षी झिलईखाली जाऊन विलायतेपर्यंत पोचली. रतन टाटा आणि दोराबजी टाटा या सर किताबाच्या बंधूंनी जमवलेली चिनी-जपानी भांडी आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. १९७१मध्ये पाँडिचेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी गोल्डन ब्रिज पॉटरी काढली आणि तिथे शिकलेल्यांनी देशभर भट्ट्या पेटवल्या. भाईंदरला चाक फिरवणारे ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८मध्ये जयपूरला भारतीय सिरॅमिक्स ट्रायनाले भरले. मातीरसिकाला ही सनावळी तोंडपाठ असते. त्याच्या स्वतःच्या संग्रहाची सुरुवात मात्र आजीच्या लोणच्याच्या बरणीपासून होते. बरणी काचेच्या कपाटात गेल्यापासून घरातले लोणचे प्लास्टिकच्या डब्यात आहे.

दौऱ्याची आखणी ठरलेली असते. दिवा-रोहा गाडी थेट हमरापूर आणि पेणला थांबते, पण मातीरसिक तिने येत नाही. तो मुंबई-गोवा महामार्गाने येतो. त्या रस्त्याचे रुंदीकरण २०११पासून चालू असल्यामुळे प्रवासाला किती वेळ लागेल हे सांगता येत नाही, आणि पहिले व्याख्यान बसमध्येच उरकून घेतले जाते.

पेण शहर आणि हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. शाडूची माती येते गुजरातेतून, भावनगरकडून. ती भिजवून, मळून साच्यात दाबतात, निघालेले भाग जोडतात, सांधे बुजवतात, ओल्या ब्रशने अंग गुळगुळीत करतात आणि मूर्ती वाळत ठेवतात. मग पांढरा हात, मग रंग, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी सगळ्यांना येत नाही. ज्याच्या हाताला ती येते त्याच्याभोवती कारखान्यातही थोडी शांतता पाळली जाते. नेमक्या त्याच माणसाच्या खांद्याशी मातीरसिक जाऊन उभा राहतो.

‘‘दादा, ही किती डिग्रीवर भाजता?’’

‘‘ऊन असेल तेवढ्यावर.’’

‘‘म्हणजे भट्टी नाही?’’

‘‘भाजून काय करायची, साहेब? बुडवायची तर आहे.’’

मातीरसिकाची खरी अडचण इथे सुरू होते. माती सहाशे अंशांच्या आसपास तापली की तिच्या कणांत बांधलेले पाणी निघून जाते आणि त्यानंतर ती पुन्हा चिखल होत नाही. साधी लाल भांडी हजार अंशांच्या आतबाहेर भाजतात, दगडी भांडी बाराशेच्या वर. संग्राहकाचा सगळा संसार या न विरघळण्यावर उभा आहे. पेणच्या मूर्तीचे सगळे काम विरघळण्यावर आहे. पाण्यात जी बसत नाही ती शाडूची मूर्ती फसलेली समजायची. हे कोणी समजावून सांगितले की तो ‘‘वा, काय तत्त्वज्ञान आहे!’’ म्हणतो आणि लगेच विचारतो, ‘‘पण एखादी माझ्यासाठी भाजून मिळेल का?’’

दोन्ही बाजूंच्या आवडी मुळातच उलट्या असतात. कारागीर कौतुकाने त्याला मखमली पितांबराची, खड्यांच्या मुकुटाची, फेटा बांधलेली मूर्ती दाखवतो. मातीरसिकाला मागच्या फळीवरची कच्ची, बिनरंगाची मूर्ती हवी असते. तिच्यावर बोटांचे ठसे राहू द्यावेत, असा त्याचा आग्रह असतो, आणि ते ठसे घालवण्यात एका मुलाची आख्खी सकाळ गेलेली असते. मूर्तीखाली कलाकाराची सही मागितली तर मालक गोंधळतो, कारण कारखान्यात मूर्तीला नाव लागते ते गिऱ्हाइकाचे. मग मातीरसिकाची नजर जुन्या साच्याकडे वळते. साचा म्हणजे कारखान्याचे भांडवल, बापाकडून मुलाकडे आलेले. त्याची किंमत विचारणे हे दूधवाल्याला म्हैस काचेच्या कपाटात ठेवायला मागण्यासारखे आहे, पण तो विचारतो.

प्लास्टर ऑफ पॅरिसचा विषय तो आवाज खाली करून काढतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२०मध्ये अशा मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. जून २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवण्याची आणि विकण्याची वाट मोकळी केली, नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनावर बंधन ठेवून. मधली वर्षे कारखानदारांनी कशी काढली, हे ऐकण्यासारखे आहे. पण ते सांगायला सुरुवात होते तेव्हा जेवणाची वेळ झालेली असते. खरेदी करताना तो घासाघीस करत नाही, उलट सांगितल्यापेक्षा जास्त पैसे पुढे करतो. त्यामुळे मालकाला त्याचा संशय येतो. तो ठरलेलाच भाव घेतो आणि वर एक सुटा उंदीर फुकट देतो.

पेणहून निघताना पापड आणि पोहे घेतले जातात. त्यांचे वजन मूर्तीपेक्षा जास्त भरते.

रात्रीचा मुक्काम रोह्याकडे, कुंडलिकेच्या काठी. व्याख्यान तिथेच होते. वक्ता पडद्यावर चित्रे दाखवत असताना डास चावतात, आणि दोन्ही गोष्टी शांतपणे सोसणे हे रसिकतेचे लक्षण मानले जाते. प्रश्नोत्तरांत प्रश्न विचारण्याची पद्धत नाही. प्रत्येक जण उभा राहून स्वतःच्या घरी काय काय आहे ते सांगतो आणि शेवटी आवाज किंचित चढवतो.

व्याख्यानानंतर पोपटी लागते. मातीरसिकाच्या आयुष्यात रायगड जिल्ह्याने घातलेली खरी भर हीच. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, मीठ आणि ओवा असे सगळे मडक्यात भरतात. तळाशी आणि तोंडाशी भांबुर्डीचा पाला दाबतात, पाणी अजिबात घालत नाहीत. मडके जमिनीवर उपडे ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवतात. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे थेंब मारायचे. चर्र होऊन लगेच उडाले की झाली. दोन दिवसांत आगीत मातीचे भांडे दिसते ते एवढेच, त्यामुळे जमाव उठून जवळ येतो. ‘‘हे तर राकू!’’ असा उद्गार हमखास निघतो, आणि जपानातल्या सोळाव्या शतकापासून सुरुवात होते. पोपटी लावणारा गडी तोवर मडके काठीने कलंडवून शेंगा केळीच्या पानावर ओततो. मातीरसिक शेंगांकडे पाहत नाही. तो मडक्याच्या अंगावरची काळी-तांबूस छटा टॉर्च लावून पाहतो. शेंगा इतर लोक संपवतात.

रविवारी सकाळी निधीसंकलन. हे रोहे म्हणजे चिंतामणराव देशमुख यांच्या बालपणाचे गाव. १९४३मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेल्या या गृहस्थांना लिलावाचा हिशेब पाहून काय वाटले असते, हा विचार कोणी करत नाही. कारागिराची गरज सांगायला दोन वाक्ये पुरतात. माती, रंग आणि मजुरीचा खर्च दिवाळीपासून चालू होतो, पैसा हातात येतो भाद्रपदात. मधल्या महिन्यांसाठी भांडवल हवे आणि पावसाळ्यात गळणार नाही असे छप्पर हवे. निधी मात्र उभारला जातो तो ‘दस्तऐवजीकरणा’साठी, म्हणजे जाड कागदाच्या एका पुस्तकासाठी, आणि उरला तर पुढच्या वर्षीच्या दौऱ्यासाठी. पैसे मागण्याची रीत गल्लीतल्या मंडळाच्या वर्गणीपेक्षा वेगळी नसते. फरक इतकाच की मंडळ पावती देते आणि दारावरचा आकडा लगेच फळ्यावर लिहिते.

लिलावात कोणी आपला कप देतो, कोणी तडा गेलेली थाळी देतो आणि ती तड्यामुळेच जास्त बोलीला जाते. सर्वांत मोठी चुरस आदल्या रात्रीच्या पोपटीच्या मडक्यावर होते. गडी ते फेकायला निघालेला असताना त्याच्या हातून घेतलेले असते. बोली कुठवर गेली हे ऐकून तो संध्याकाळपर्यंत आणखी चार काळी मडकी आणून ठेवतो, पण तोवर बस सुटलेली असते.

परतताना बस वडखळला अडकते आणि भांबुर्डीचा वास सगळ्या आसनांत मुरतो. घरी आल्यावर मडके काचेच्या कपाटात जायचे असते. सोमवारी सकाळी कामाच्या मावशी ते काळे पडलेले पाहतात आणि काथ्याने लख्ख घासून उन्हात पालथे घालतात.

मूर्तीचा मुक्काम भाद्रपदापर्यंत टिकतो. घरात गणपती असताना बाजारातून दुसरा कशाला आणायचा, असे मातीरसिकाची आई विचारते. या प्रश्नाला मृत्कलेच्या कोणत्याही ग्रंथात उत्तर नाही. प्राणप्रतिष्ठा होते, दीड दिवसाने बादलीत विसर्जन होते आणि ते पाणी गच्चीतल्या कुंड्यांना मिळते. फुकट आलेला उंदीर तेवढा कपाटात राहतो, आणि संग्रहाच्या वहीत त्याच्यापुढे ‘पेण, बिनभाजलेला’ अशी नोंद होते.