खाई त्याआधी खवखवे

शेवळाची भाजी घशाला खाजणार की नाही, हे नुसत्या वाफेवरून सांगणारा माणूस म्हणून कल्याणातल्या आमच्या सोसायटीत माझा दबदबा आहे. तो मीच निर्माण केलाय, पण आहे. जूनचा पहिला पाऊस झाला की ठाकूर-कातकरी बाया स्टेशनाबाहेर शेवळांच्या जुड्या मांडून बसतात. मी वाकतो, जुडी निरखतो आणि विचारतो, "काकडं कुठायत?" एवढ्या एका प्रश्नावर त्या ओळखतात की गिऱ्हाईक जाणतं आहे. काकडाच्या आंबट-तुरट फळांचा रस पडल्याशिवाय शेवळं माणसात येत नाहीत. एका वर्षी मी घाईत काकडं विसरलो आणि "चिंचेवर भागेल" असं बायकोला ठासून सांगितलं. भागलं नाही. त्या दिवशी जेवायला साडू होते. ते पुढे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. राग नव्हता, आवाज नव्हता.

सांगायचा मुद्दा, खाजऱ्या वनस्पतींच्या बाबतीत मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी गेल्या एप्रिलपर्यंत मानत होतो. अळू आमच्या परसात, सुरण आमच्या माळ्यावर, आणि खाजकुयलीने तर शाळेत मास्तरांची खुर्ची दोनदा पावन केलेली. 'खाई त्याला खवखवे' ही म्हण शब्दशः जगलेली माणसं आम्ही.

एप्रिलअखेरीस आम्ही बाराजण गढवालात गेलो. उखीमठच्या वर सारी नावाचं गाव आहे. तिथून देवरिया ताल तीनेक किलोमीटर, सगळा चढ. आमच्या गटाचं सरासरी वय अठ्ठावन्न, गुडघ्यांचं त्याहून जास्त. मुक्काम एका घरीच होता. सकाळी चहा झाल्यावर मंडळी अंगणात चौखंबाचे फोटो काढत होती आणि मी उगाच गोठ्यामागे गेलो. तिथे शेणखतावर पोसलेलं कमरेएवढं एक झुडूप दाटीने माजलेलं. पानं तुळशीसारखी, पण कडा करवतीसारख्या आणि सगळ्या अंगावर बारीक लव. तुळस आणि पुदिन्याने पळून जाऊन लग्न केलं असतं तर असंच काहीतरी निपजलं असतं. मी मंडळींना हाक मारली. "या, या, इकडे या. ही हिमालयातली रानतुळस. पान असं चुरडायचं आणि..."

चुरडलं आणि नाकाशी नेलं.

बायकोच्या म्हणण्यानुसार मी आधी मराठीत ओरडलो, मग हिंदीत आणि शेवटी आजोळच्या मालवणीत. बोटांना गांधीलमाश्यांनी पाळ्या लावून चावावं तसं झालं. नाकाचं काय झालं ते फोटोत आहे. घरमालकीण धावत आली, तिने झुडपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ओढणी तोंडाला लावून म्हणाली, "अरे भैजी, ये तो कंडाली है!" बायकोने शांतपणे विचारलं, "अहो, वास कसा होता?"

कंडाली हे गढवालातलं नाव. कुमाऊंत तिला सिसूण म्हणतात, नेपाळात सिस्नो, आणि हिंदीत आडपडदा न ठेवता बिच्छू घास. शास्त्रीय नाव अर्टिका डायोइका. यातला पहिला शब्द लॅटिनमधल्या जाळण्याच्या क्रियापदावरून आलाय, म्हणजे नाव ठेवणाऱ्यानेही हात लावून बघितला असणार. मालकिणीने शेजारीच उगवलेल्या जंगली पालकाची रुंद पानं चुरगळून माझ्या बोटांवर चोळली. इंग्लंडातही त्याच कुळातली पानं याच कामाला वापरतात. गुण पानाचा, गार रसाचा की कुणीतरी मायेने हात धरल्याचा, ते देव जाणे. नाकावर मात्र माझं मलाच चोळावं लागलं.

दुपारभर बोटं झिणझिणत होती. गच्चीच्या एका कोपऱ्यात मोबाइलला रेंज यायची, तिथे उभ्याउभ्या वाचता वाचता मला एक समदुःखी सापडला. पुरंदरचा तह झाला त्याच १६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हुक यांचं 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक निघालं. त्यात या गृहस्थांनी सूक्ष्मदर्शकाखाली हे काटे धरून त्यांवर आपलंच बोट टेकवलं आणि काट्यातून रस वर चढताना पाहिला, असं लिहून ठेवलंय. त्यांनी ते ज्ञानासाठी केलं, मी रुबाबासाठी. आग दोघांची सारखीच.

ती लव म्हणजे लव नव्हेच. चावणारा प्रत्येक केस ही एक पोकळ नळी, तिचं टोक काचेच्या जातीचं, सिलिकाचं, आणि टोकावर इवलीशी गाठ. बोट लागलं की ती गाठ तिरकी तुटते आणि उरते ती डॉक्टरांच्या सुईसारखी तिरपी धार. नळीच्या बुडाशी ड्रॉपरच्या रबरासारखी फुगीर पिशवी. ती दाबली जाते आणि हिस्टामिन, ॲसिटिलकोलिन, सेरोटोनिन अशी मंडळी थेट कातडीत शिरतात. शाळेत आपल्याला मुंगीचं फॉर्मिक आम्ल सांगून वाटेला लावलं होतं. त्याचा वाटा किरकोळच निघाला. अळू-सुरणाचं तंत्र निराळं. तिथे कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात आणि त्या खाताना टोचतात. म्हणजे अळू पाहुण्याला पानावर बसवून मग भांडतं, कंडाली दारातच.

संध्याकाळी मालकीणबाई हातात विळा आणि फुलक्यांचा चिमटा घेऊन निघाल्या. "आज यही खिलाऊँगी," म्हणाल्या. मला वाटलं, गंमत करतायत. पण त्यांनी शेंड्याची चार कोवळी पानं चिमट्यात धरली, खालून विळा लावला आणि टोपलीत टाकली. पुन्हा चिमटा, पुन्हा विळा. जून पानांना हात नाही, आणि फुलोरा आला की त्या झाडालाच हात नाही. जून पानांत चुनखडीसारखे कण धरतात, ते पोटाला आणि मूत्रपिंडाला मानवत नाहीत. त्यांच्या सासूबाई तर नुसत्या बोटांनी, खालून वर अशा खुडत होत्या. काटे वरच्या अंगाला कललेले असतात, त्यामुळे तसं कमी लागतं. मी लोकरीचे हातमोजे चढवून मदतीला गेलो. लोकरीच्या हातमोज्यातून कंडाली आरपार जाते, ही माहिती मला कुठेच लिहिलेली सापडली नव्हती, म्हणून इथे देऊन ठेवतो.

टोपली पाण्यात बुडवून, चिमट्यानेच हलवून पानं धुतली आणि उकळत्या पाण्यात टाकली. दोन-चार मिनिटांत सगळा माज उतरला. सकाळी ज्या पानाने मला मालवणी बोलायला लावलं, ते आता पळीखाली गपगार. मग चुलीवर लोखंडी कढई, तीत मोहरीचं तेल आणि तेलात जख्या. जख्या म्हणजे मोहरीहून बारीक, काळपट दाणे. फोडणीत तडतडतात आणि दाताखाली कुरकुरतात. पावसाळ्यात आपल्याकडे मोकळ्या प्लॉटवर पिवळ्या फुलांची तिळवण माजते ना, तिचंच हे बी. आपण ती तण म्हणून उपटतो आणि गढवाली माणूस तिची फोडणी करतो. त्यावर हिंग, लसूण, सुकी मिरची, घोटलेली पानं आणि दाटपणाला पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ. "ये आलण है," मालकीणबाई म्हणाल्या. माझी आजी याला आळण म्हणायची. हजारावर किलोमीटर ओलांडून फरक पडला तो फक्त ल आणि ळ चा. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. पुरुषाला माहेर नसतं, तरी वाटलं.

मंडुव्याच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्याच भाकरीबरोबर पहिला घास मी घेतला. अकराजण माझ्या तोंडाकडे बघत होते. चव पालकाच्या जवळपास, पण पालक शहरात वाढलेला आणि ही डोंगरातली. मातकट, जराशी धुरकट, अंगाने थेट आळवाच्या फदफद्यासारखी. वर घरच्या तुपाची धार. घसा? काहीही नाही. काकड नाही, चिंच नाही, कोकम नाही, तरी घसा साफ. साडूंना फोन लावणार होतो, पण जेवताना गच्चीवर कुठे जाणार?

आणि मग सुरू झालं गुणगान. मराठी माणूस आवडली म्हणून दुसऱ्यांदा भाजी वाढून घेत नाही, प्रकृतीसाठी घेतो. लोह, कॅल्शियम, अ आणि क जीवनसत्त्व, पालेभाजीच्या मानाने बऱ्यापैकी प्रथिनं, हे सगळं हिच्यात खरंच आहे. पण आमच्यातल्या बाराजणांनी बारा रोग काढले आणि कंडालीच्या नावावर लावले. मधुमेह झाला, केस गळणं झालं, एकाच्या जावयाचा चिडका स्वभावही झाला. तेवढ्यात मी गच्चीवर वाचलेलं सांगितलं की हिच्यात के जीवनसत्त्वही भरपूर असतं, आणि रक्त पातळ ठेवायची वॉर्फरिनसारखी गोळी चालू असेल तर तिचं काम त्याने बिघडू शकतं. पंगतीतल्या एका वहिनींनी काही न बोलता नवऱ्यापुढची वाटी उचलून आपल्याकडे घेतली. मग मी म्हटलं, युरोपात हिच्या मुळांचा अर्क प्रोस्टेटच्या तक्रारींवर घेतात, पुरावा मात्र फार भक्कम नाही. पुरुष मंडळी एकदम शांत झाली. जरा वेळाने तिघांनी वेगवेगळं येऊन मला हळूच विचारलं, "मुळं कुठे मिळतील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई उन्हात बसून कंडालीच्या डहाळीने स्वतःचा गुडघा झोडपत होत्या. चेहरा असा, जणू मुद्दल फिटतंय. वातावरचा हा जुना उपाय. आम्ही हसलो, पण इंग्लंडात प्लिमथच्या काही डॉक्टरांनी याची रीतसर चाचणी घेऊन २००० साली प्रसिद्ध केली आहे. अंगठ्याच्या बुडाशी संधिवाताने दुखणारे २७ रुग्ण. त्यांनी आठवडाभर रोज दुखऱ्या जागी कंडालीचं पान लावायचं, आणि मग मध्ये काही काळ थांबून आठवडाभर दिसायला तसंच, पण न चावणारं दुसरं पान. कंडालीने दुखणं जास्त कमी झालं. आता २७ म्हणजे आमच्या इमारतीची एक विंग. त्यावरून मी कुणाला डहाळी घ्यायला सांगणार नाही. शिवाय कुठलं पान चावतंय हे रुग्णाला कळत नसेल, यावर माझ्या नाकाचा विश्वास बसत नाही. बायको मात्र डहाळीकडे आणि माझ्या गुडघ्याकडे फार वेळ आळीपाळीने बघत होती.

या डहाळीचे तिकडे इतरही उपयोग आहेत. व्रात्य पोरांना नुसती लांबून दाखवली तरी पुरते. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्यांना वठणीवर आणायला पहाडी बायकांनी तीच हाती घेतली आहे. पोलीस यायला वेळ लागतो, कंडाली प्रत्येक घरामागे असते.

तिबेटी योगी मिलारेपा यांनी गुहेत राहून वर्षानुवर्षं हीच भाजी खाल्ली आणि त्यांची कांती हिरवी झाली, अशी कथा आहे. चित्रांतही त्यांना हिरवट रंगवतात. मी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "तुमचं आधी लाल उतरू दे, मग हिरव्याचं बघू." आणि इंग्लंडातल्या डॉर्सेट परगण्यात तर कच्ची पानं खायची स्पर्धा भरत आली आहे. दोन-दोन फुटी दांडे, एक तासाची वेळ, ज्याचे ओरबाडून साफ केलेले दांडे जास्त लांब भरतील तो जिंकला. वर बिअर. या लोकांना कुणी शेवळं नेऊन द्या, बिनकाकडाची.

येताना वाळवलेल्या कंडालीच्या चहाचं पाकीट आणलं. तो चहा पावसात भिजलेल्या पेंढ्यासारखा लागतो, माझं स्पष्ट मत. भाजी ती भाजी. जख्याचीही पुडी आणली आहे, ती आता आमच्याकडे बटाट्याला पडते. जूनमध्ये शेवळं केली तेव्हा साडू आले होते. पान वाढल्यावर त्यांनी आधी काकडं दाखवायला लावली, मग बसले.

तुम्ही गढवालात जाणार असाल तर मार्च-एप्रिलात जा, तेव्हा शेंडे कोवळे असतात. चिमटा लांब दांड्याचा, घरूनच न्या. रक्त पातळ करायची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारून जेवा. आणि गोठ्यामागे तुळशीसारखं काही दिसलं, तर कृपा करून वास घेऊ नका.