शिकवणं ऑप्शनला

वर्धा जिल्ह्यातल्या प्राध्यापकाला बढती हवी असेल, तर खडूच्या आधी त्याने फायलीतल्या कागदांसाठी पंचिंग मशीन हातात घ्यावं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत अध्यापनाचं माप सुटसुटीत आहे: वाट्याच्या तासांपैकी ८० टक्के घेतले की ‘चांगले’, ७०च्या वर ‘समाधानकारक’. तासात काय घडलं, याची चौकशी नाही. एसटीच्या फेरीनंतर वाहकाला निदान तिकिटांचा हिशेब तरी द्यावा लागतो.

समजा, हिंगणघाटकडच्या एका कॉलेजात वाणिज्याचे सर साठ्याचं मूल्यांकन शिकवताहेत. पुस्तकातलं उदाहरण बाजूला सारून ते विचारतात, “घरात कापूस भरून ठेवलाय. आता विकायचा की फेब्रुवारीपर्यंत थांबायचं?” मागच्या बाकावरून आवाज येतो, “सर, थांबलो तं वजन घटते ना!” मग घट, उसनवारीचं व्याज, बाजार समितीतला भाव यांवरून वर्गात खडाजंगी. प्रश्न साधा वाटावा, यासाठी सरांनी दोन रात्री घातलेल्या असतात. आयोगाच्या गुणतक्त्यात ‘नावीन्यपूर्ण अध्यापनपद्धती’ला पाच गुण आहेत खरे, पण खडाजंगीची झेरॉक्स निघत नाही. त्यापेक्षा याच कापसावर कुणीही न वाचणारा शोधनिबंध छापावा. वाणिज्याला त्याचे दहा गुण मिळतात. विज्ञानवाल्यांना आठच, बिचारे!

तासिका तत्त्वावरच्या सरांना पैसे तासाचे मिळतात, तयारी धर्मादाय.

याच वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. टकळी फिरवता फिरवता पोराला गणित कसं यावं, यावर डोकं चालवायला परिषदेने नेमलेल्या समितीत कोण बसले? जामियाचे झाकिर हुसेन, अर्थतज्ज्ञ के. टी. शहा आणि कुमारप्पा, शिवाय विनोबा. शिकवणं हा आपल्या बुद्धीला न शोभणारा विषय आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नसावं. २ डिसेंबरला शिक्षकांच्या प्रशिक्षणासकट अहवाल तयार! आज तेवढ्या दिवसांत समितीचा प्रवासभत्ताही मंजूर होत नाही.

आयोगालाही अलीकडे पाझर फुटला. जानेवारी २०२५च्या मसुद्यात गुणांऐवजी नऊ प्रकारची ‘लक्षणीय योगदानं’ आली. त्यांत नावीन्यपूर्ण अध्यापन आहे, सल्लागारी आहे, स्टार्टअपसुद्धा आहे. नऊपैकी किमान चार दाखवली की भागतं. म्हणजे प्राध्यापकाला शिकवणं ऑप्शनला टाकूनही पास होता येईल.