मिडलचे मानकरी

आमच्या इंग्रज विहीणबाईंना निवृत्तीनंतर पूर्वज लागले. आपल्याकडे पितर लागले की त्र्यंबकेश्वरी जाऊन नारायण नागबळी करतात. त्या श्रूजबरीच्या दफ्तरखान्यात जाऊन बसतात. मुलीच्या सासरचं माणूस ‘चला’ म्हणाल्यावर नाही कसं म्हणायचं? सौ. आणि मी निघालो. श्रूजबरी हे पुण्याच्या कँपातल्या बिस्किटांचं मूळ गाव, एवढीच माझी पूर्वतयारी.

दफ्तरखान्यात पेनला बंदी. हातात पेन्सिल आणि आवाज सुतकातला. 1538 साली राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशनं बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत नोंदवावीत. लोकांना वाटलं, हा नवा कर बसवण्याचा डाव. सरकारनं काही मोजायला घेतलं की रयतेच्या पोटात गोळा येतो, तो तिकडेही येत असे.

विहीणबाईंना एक पणजोबांचे पणजोबा सापडले आणि त्यांचा चेहराच पडला. आईबापांचं लग्न एप्रिल 1700, मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1700! सौ.नं मला कोपरानं ढोसलं. तेवढ्यात तिथल्या बाईंनी हळूच सांगितलं, की 1752 पर्यंत इंग्लंडात साल 25 मार्चला बदलत असे. म्हणजे हा फेब्रुवारी त्या एप्रिलनंतरचा. चांगले दहा महिने मध्ये गेले होते. पाडव्याला साल बदलणाऱ्या आम्हा दोघांना हे लगेच पटलं. सौ. मात्र जराशी हिरमुसली.

मग एल्समिअरच्या रस्त्यावरच्या मिडल गावी गेलो. गाव चिमुकलं. किल्ला आहे, म्हणजे त्याचा एक बुरूज उरलाय. पण इथे रिचर्ड गफ होऊन गेला, आणि त्याच्यापुढे गडकोट झक मारतात.

औरंगजेब पन्हाळ्याला वेढा घालून बसला होता त्या 1701 च्या सुमारास पासष्टी ओलांडलेल्या या गृहस्थानं गावच्या चर्चमधल्या बाकांचा नकाशा काढला. कुठल्या बाकावर कोण बसतं, कुठल्या हक्कानं? हक्क घरजमिनीचा. मळा विकत घेतला की बाकही आलं. पुढे बडी मंडळी, मागे झोपडीवाले. इथवर दुसऱ्या कुणीही लिहिलं असतं. गफ प्रत्येक बाकाशी थांबतो आणि त्यावरच्या घराण्याचं आजोबापासून सगळं बाहेर काढतो. मिडल आणि शेजारच्या दोन वस्त्यांतून यादवी युद्धात वीस माणसं गेली, तेरा मेली, हे तो लिहितो. आणि कुणाच्या बायकोची गुत्त्यातली उधारी नवरा एकेका वेळी 10 पौंड मोजून फेडत होता, हेही त्याच शाईनं लिहितो. तीन बायकांनी नवऱ्यांना कंटाळून एकाच रात्री तिघांवर विषप्रयोग करायचं ठरवलं; मेला एकच. हे सगळं चर्चच्या बाकांच्या निमित्तानं! असा इतिहासकार आपल्या शाळेच्या पुस्तकात असता तर मी नापास झालो नसतो.

विहीणबाईंनी गफच्या पुस्तकातल्या नकाशावर पुढून बोट फिरवायला सुरुवात केली. पहिल्या रांगा गेल्या, मधल्या गेल्या. आडनाव भेटलं ते थेट मागे, झोपडीवाल्यांत.

“दाराजवळ,” त्या मान ताठ ठेवून म्हणाल्या. “प्रवचन संपलं की सगळ्यांआधी बाहेर.”

पुढे त्यांनी पान उलटलं नाही. मी उलटणार होतो, पण सौ.नं पुस्तक मिटून पिशवीत टाकलं. विहिणींमध्ये काही गोष्टी न बोलता ठरतात.

परतीच्या बसमध्ये विहीणबाईंनी विचारलं, “तुमच्या घराण्याच्या अशा नोंदी आहेत का हो?” मी कुलवृत्तांताचं सांगायला तोंड उघडलं, पण सौ. तोवर सुरू झाली होती. माझ्या आजोबांनी बुडवलेलं किराणा दुकान, धाकट्या चुलत्यांचं पळून जाऊन केलेलं लग्न, वाटणीच्या वेळी नाहीशी झालेली तांब्याची घंगाळी, आणि ती आता कुणाकडे आहेत. श्रूजबरी येईपर्यंत ती चौथ्या पिढीत पोचली होती, आणि विहीणबाई पेन्सिलीनं भराभर लिहून घेत होत्या.